नकाशा धरून बसण्याचे १९६ युरो

प्रति,
आयर्लंडमध्ये पर्यटकांना भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन,
आणि त्यांच्या वतीने आरक्षण घेणारी संकेतस्थळे.

विषय : पंचवीस वर्षांखालील चालकांकडून घेतला जाणारा अधिभार आणि तो घेण्याची पद्धत.

महोदय,

पत्र मराठीत का, असं तुम्हाला वाटेल. इंग्रजीत मी तुमच्यापैकी एका कंपनीला आधीच लिहिलं होतं. बाराव्या दिवशी चार ओळींचं उत्तर आलं. शुल्क करारातल्या अटींप्रमाणे आहे, अटी तुम्ही आरक्षण करताना मान्य केल्या होत्या, प्रकरण बंद करत आहोत. तुमच्याकडून प्रकरण बंद झालं, माझ्याकडून झालेलं नाही. दर सप्टेंबरला डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवे इथे शिकायला उतरणाऱ्या पोरापोरींत पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची बरीच असतात. पुढच्या मे-जूनमध्ये त्यांचे आईबाप भेटायला येतात. तुमच्या काउंटरसमोर जे उभे राहणार आहेत त्यांनी हे आधी वाचलेलं बरं. इंग्रजी भाषांतर सोबत धाडत आहेच. कंपनीचं नाव दोन्हींत नाही, कारण मित्रमैत्रिणींकडे चौकशी केल्यावर कळलं की काउंटर बदललं तरी गोष्ट थोड्याफार फरकाने तीच असते.

मी कोल्हापूरची. वडिलांचा मालवाहतुकीचा धंदा आहे. धंदा म्हणजे एक पिकअप आणि ती चालवणारे ते स्वतः. शाहू मार्केट यार्डात गूळ भरायचा, आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोचवायचा, येताना मिळेल तो माल आणायचा. ३१ वर्षं हेच चाललंय. मी अठरा पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात परवाना काढला. घरच्या जुन्या वॅगनारमध्ये आधी बाबांच्या शेजारी बसून, मग बाबांना शेजारी बसवून घाट शिकले. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे काही न बोलणं. चुकलं की ते फक्त डाव्या हाताने दाराची कडी धरायचे. पुढे दोन वर्षं पुण्यात नोकरी, रोज हिंजवडी. म्हणजे पावसातला घाटही झाला आणि संध्याकाळी सहाचं हिंजवडीही झालं.

गेल्या सप्टेंबरला गॉलवेला एमएससाठी आले. मे महिन्याच्या शेवटी आई-बाबा येणार होते, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. बाबांनी फोनवर एकच अट घातली, "बसनं हिंडवू नकोस. रस्ता आपल्या हातात पायजे."

आणि आयर्लंड त्यासाठी आम्हाला किती सोयीचा! गाडी डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताशी. हाताने गिअर टाकायची गाडी इथे स्वस्त आणि ऑटोमॅटिक महाग. युरोपात इतर बहुतेक देशांत जाणाऱ्या आपल्या माणसाला पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर स्वतःला बजावावं लागतं, इथे ते काहीच नाही. परदेशी परवान्यावर पहिले बारा महिने गाडी चालवायला इथला कायदा परवानगी देतो, आणि माझे तर नऊच झाले होते. कायद्याला माझी अडचण नव्हती, म्हणून तर तुमच्या अडचणीचं नवल वाटलं.

एप्रिलमध्ये तुलना करणाऱ्या एका संकेतस्थळावर सात दिवसांची छोटी गाडी बुक केली. भाडं २३८ युरो. चालकाच्या वयाच्या चौकटीत '२५ ते ७०' आधीच भरून ठेवलेलं होतं. मी ते खोडून २४ लिहिलं. किंमत हलली नाही. खाली बारीक अक्षरात ओळ होती की काही स्थानिक शुल्क काउंटरवर लागू शकेल. 'काही' आणि 'शकेल' या दोन शब्दांवर विश्वास ठेवला, ही माझी चूक. वय मात्र खोटं सांगितलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवते, कारण तुमच्या उत्तरात तसं सुचवलं गेलं आहे.

विमानतळावर रात्रीचे साडेदहा. आई-बाबा सतरा तासांचा प्रवास करून उतरलेले, आई सामानाच्या ढकलगाडीवरच डोकं टेकून बसलेली. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा होता, बोलायला चांगला. त्याने माझा परवाना उलटा-सुलटा केला आणि सांगितलं, हा तर अलीकडचाच आहे, आम्हाला किमान दोन वर्षांचा लागतो. पत्ता पुण्याचा करून घेतला तेव्हा कार्ड नव्याने छापून मिळालं होतं, त्यामुळे ठळक दिसते ती नव्या कार्डाची तारीख. परवाना पहिल्यांदा कधी मिळाला ते बारीक अक्षरात असतं. ते बोट ठेवून दाखवलं तेव्हा गाडं पुढे सरकलं. (आपल्या परिवहन खात्याने ही तारीख थोडी ठळक छापली तर जगभरच्या काउंटरांवर आपल्या पोरांची दहा-दहा मिनिटं वाचतील. त्यांना वेगळं पत्र लिहीन.) बाबांनी हजार रुपये भरून आरटीओतून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना खिशातून काढून पुढे केला होता. तो त्या मुलाने आदराने हातात घेतला आणि आदरानेच परत केला.

मग वय. जून महिन्यात, बरोबर अकरा दिवसांनी मी पंचवीस पूर्ण करणार होते. अकरा दिवसांनी मी तुमच्या लेखी शहाणी होणार होते, तोवर दिवसाला २८ युरो. सात दिवसांचे १९६.

मी म्हटलं, ठीक आहे, मग मुख्य चालक बाबांना करा. वय ५६, परवाना ३१ वर्षांचा, तोही अवजड वाहनाचा. त्याने विचारलं, त्यांच्या नावाचं क्रेडिट कार्ड? बाबांकडे जिल्हा बँकेचं डेबिट कार्ड. ते चालत नाही. क्रेडिट कार्ड माझ्याकडे, पुण्याच्या नोकरीतलं. मग कार्ड माझं आणि चालक बाबा असं करता येईल का? नाही, मुख्य चालक आणि कार्डधारक एकच व्यक्ती हवी. वय होतं बाबांकडे, कार्ड होतं माझ्याकडे, आणि दोन्ही एकाच देहात असलेला माणूस आमच्या घरात नव्हता.

शेवटी मी मुख्य चालक झाले आणि बाबा 'अतिरिक्त चालक', त्याचे दिवसाला ११ प्रमाणे ७७. गाडीला ओरखडा आला तर आमच्या वाट्याला येणारी रक्कम २,५०० युरो, ती माझ्या कार्डावर अडकवून ठेवली. रुपयांत सव्वादोन लाखांच्या पुढे. हा वाटा कमी करणारं तुमचं जादा संरक्षण घेते म्हटलं, पैसे घ्या. तर ते पंचवीसखालच्या मुख्य चालकाला मिळत नाही. २३८ ची गाडी ५११ ला पडली. बाबांनी सगळा संवाद माझ्याकडून समजून घेतला आणि विचारलं, "अगं, गाडी मीच चालवणार न्हवं? मग तुझं वय कशापायी मोजत्यात?"

हाच प्रश्न मी ईमेलमध्ये विचारला होता. त्याचं उत्तर चार ओळींत नव्हतं.

आता प्रवासाचं सांगते, कारण तुम्ही ज्या धोक्याचे पैसे घेतले तो प्रत्यक्षात कसा दिसत होता हे तुम्हाला कळायला हवं. सात दिवसांत हजाराच्या वर किलोमीटर झाले. डब्लिनहून गॉलवे, तिथून मोहरचे कडे, किलिमरला गाडी बोटीत घालून वीस मिनिटांत शॅनन नदीपलीकडे टार्बर्टला, मग डिंगल, किलार्नी, केरी परगण्यातलं 'रिंग ऑफ केरी' हे १७९ किलोमीटरचं वेटोळं आणि परत. बाबा चालवत होते, मी शेजारी फोनवर नकाशा धरून. क्लेअर परगण्यातल्या आडरस्त्यांना इथे 'बोरीन' म्हणतात. दोन्हीकडे दगडांचे गडगे, मधोमध गवताची पट्टी, आणि समोरून ट्रॅक्टर. बाबांना तो रस्ता आपल्या शाहूवाडीकडच्यासारखा वाटला. ट्रॅक्टर दिसला की तीनशे फूट आधीच जागा बघून बाजूला घ्यायचे. पलीकडचा शेतकरी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायचा, दुसऱ्या दिवसापासून बाबाही एक बोट उचलायला लागले.

डिंगलकडे कॉनर पासने गेलो. एका बाजूला उघडा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधला रस्ता एवढा की दोन गाड्यांनी आरसे मिटून घ्यावेत. अवजड वाहनांना तिथे मनाईच आहे. अर्ध्यात समोरून एक गाडी आली, भाड्याचीच, तिच्या काचेवर तुमच्यासारख्याच एका कंपनीचा कागद. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे असावेत. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवून त्यांनी दोन्ही हात वर केले. बाबांनी आमची गाडी मागे घेतली, चढावर, हाफ क्लचवर, साठ-सत्तर मीटर, कातळाच्या एका खोबणीत. पलीकडून ते गृहस्थ गेले तेव्हा त्यांच्या बायकोने खिडकीतून हात जोडले. आई मागच्या सीटवर डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेत होती, ती म्हणाली, "आंबा घाटात असलं करायची सवय कामी आली बघ."

पलीकडे डिंगलच्या भागात पाट्या आयरिश भाषेत. वाट देण्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते आम्हा तिघांनाही वाचता येईना. उलटा त्रिकोण बघून बाबांनी वेग कमी केला. त्रिकोण सगळीकडे तोच.

मी चालवली ती ट्रली ते किलार्नी, ३२ किलोमीटर. तेसुद्धा बाबा म्हणाले, "पैसे भरलेत न्हवं, मग बस." किलोमीटरला सहा युरो पडले. बाबांनी दाराची कडी धरली नाही.

गाडी परत केली तेव्हा तुमच्या माणसाने टॉर्च घेऊन दहा मिनिटं फेऱ्या मारल्या आणि नखाएवढाही ओरखडा नाही असं लिहून दिलं.

आता तक्रारी.

पहिली, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी. किंमत दोनदा सांगितली जाते, एकदा घरी, एकदा काउंटरवर, आणि दुसऱ्यांदा सांगतात तेव्हा ग्राहकाच्या हातात पर्याय उरलेला नसतो. मी संकेतस्थळाला वय २४ सांगितलं होतं. संगणकाला २८ गुणिले ७ करायला किती वेळ लागतो? ती बेरीज न करण्याचं कारण एकच, बेरीज केली की तुमची गाडी यादीत पहिल्या ओळीवरून सातव्या ओळीवर जाते. २०१९ मध्ये युरोपीय आयोग आणि ग्राहक संरक्षण यंत्रणांनी या धंद्यातल्या पाच मोठ्या कंपन्यांकडून कबूल करून घेतलं होतं की जाहिरातीत दाखवलेली किंमत आणि शेवटी द्यावी लागणारी किंमत एकच असेल. ते पाच कोण हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मग बाकीच्यांचं काय, आणि मध्ये दलाल संकेतस्थळ असलं की ते वचन कुठे जातं? त्यात आणखी एक मेख आहे. युरोपात ऑनलाइन घेतलेल्या बऱ्याच गोष्टी चौदा दिवसांत परत करता येतात, पण ठरलेल्या तारखेच्या भाड्याच्या गाडीला तो नियम लागू नाही. म्हणजे फसगत कळेपर्यंत परतीचा रस्ताच नसतो.

दुसरी. मुख्य चालक आणि पैसे भरणारा एकच हवा, हा नियम कोणाच्या भल्याचा? पन्नाशी-साठीच्या कितीतरी भारतीय आईबापांकडे क्रेडिट कार्ड नसतं. ती माणसं कर्जाला भिऊन जगली आहेत. याचा अर्थ त्यांना गाडी चालवता येत नाही असा होत नाही. पैसे मी भरते, अनामत माझ्या कार्डावर अडकवा, नुकसान झालं तर माझ्याकडून वसूल करा. गाडी कोण चालवणार आणि पैसे कोण देणार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकत्र बांधलेत म्हणून मी शेजारी बसण्याचे १९६ युरो भरले.

तिसरी. वय मोजता, अनुभव का मोजत नाही? शेजारच्या काउंटरवर त्या रात्री अमेरिकेहून आलेलं चाळिशीचं एक जोडपं होतं. ते विचारत होते की गिअर खरंच डाव्या हाताने टाकायचा असतो का. ऑटोमॅटिक शिल्लक नव्हती. मला त्यांची चेष्टा करायची नाही. उजव्या बाजूने गाडी चालवण्यात वीस वर्षं घालवलेल्या कोणाचीही तशीच पंचाईत होईल. पण त्यांना अधिभार शून्य आणि मला १९६. केरी-क्लेअरच्या रस्त्यांवर जागोजागी बाण काढून 'डावीकडून चालवा' अशा पाट्या इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनमध्ये लावलेल्या आहेत. त्या कोणासाठी लावल्यात? मराठीत एकही नाही, गरजच नाही. डावीकडून चालवण्याची सवय, हाताचे गिअर, घाट, सहा वर्षांचा स्वच्छ परवाना, यातलं काहीच तुमच्या तक्त्यात बसत नाही. जन्मतारीख तेवढी बसते.

इथे तुमचीही बाजू मांडते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी एकतर्फी बोलते. तरुण चालकांचे अपघात जास्त होतात हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा पुण्याच्या बाह्यवळणावर अपघातात गेला, तेव्हा मला हे आकड्यांतून शिकायची गरज नाही. विमा कंपनी तुमच्याकडून तरुणांसाठी जास्त पैसे घेत असेल तर ते कुठून तरी यायला हवेत, हेही समजतं. पण तुमच्याच देशात व्यावसायिक प्रमाणपत्र असेल तर २१व्या वर्षी बसचा परवाना मिळतो. पन्नास माणसांची जबाबदारी २१व्या वर्षी पेलते आणि आईबापांना छोट्या गाडीतून फिरवणं २४व्या वर्षी पेलत नाही, असं कसं? उत्तर उघड आहे. बसवाल्याचं प्रशिक्षण बघितलं जातं. म्हणजे वयापलीकडे बघता येतं.

वयावरून फरक करण्याबद्दल आणखी थोडं. २००० सालच्या इथल्या समान दर्जा कायद्यात वस्तू आणि सेवा देताना वयावरून भेद करायला मनाई आहे. विम्याला त्यातून सूट आहे, पण फरक विश्वासार्ह आकडेवारीवरून किंवा धंद्यातल्या इतर संबंधित कारणांवरून ठरवलेला आणि वाजवी असेल तर. म्हणजे 'आमची अट आहे' एवढं म्हणून भागू नये, अटीमागे आकडे किंवा निदान वाजवी कारण हवं. आकडे मी ईमेलमध्ये मागितले होते. २८ हा आकडा कुठून आला? २७ किंवा १४ का नाही? पंचविसाव्या वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता तो शून्य कसा होतो? काही कंपन्या या अधिभाराला ठरावीक दिवसांनंतर कमाल मर्यादा घालतात. मग धोका दहाव्या दिवशी थांबतो का? गंमत म्हणजे पूर्वी युरोपात तरुण मुलींचा विमा मुलांपेक्षा स्वस्त असायचा. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून स्त्री-पुरुष भेदावर हप्ता ठरवणं बंद झालं. निकाल योग्यच होता. पण माझ्या बाजूने बोलणारा एकमेव आकडा तोही गेला आणि विरुद्ध बोलणारा तेवढा राहिला.

चौथी. ज्याला धोका जास्त असं तुम्ही म्हणता, त्यालाच जादा संरक्षण विकत नाही. हे मला शेवटपर्यंत कळलेलं नाही. दुसऱ्या कंपनीकडून मी घरूनच वेगळा विमा घेतला होता, त्याकडे काउंटरवर कोणी बघितलंही नाही. अनामत अडकवायची ती अडकवलीच.

पाचवी तक्रार माझी स्वतःची नाही, पण पहिलीइतकीच गंभीर आहे. या अधिभाराला कंटाळून मुलं काय करतात ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या कोणा मित्राच्या नावावर गाडी घेतात, वळणाच्या पुढे गेल्यावर अदलाबदल करतात. कागदावर नाव नसलेला चालक म्हणजे विमा धाब्यावर. काही झालं तर समोरच्या माणसाचं, त्या मित्राचं आणि चालवणाऱ्याचं, तिघांचं आयुष्य अडकतं. मलाही त्या रात्री असा सल्ला फोनवर मिळाला होता. तो मी ऐकला नाही, कारण बाबा शेजारी उभे होते आणि कागदपत्रं अपुरी असताना त्यांनी आजवर पिकअपसुद्धा हलवलेली नाही. मुलांचं वागणं चूक आहे, याबद्दल दुमत नाही. पण अपघात कमी व्हावेत म्हणून लावलेला नियम जर पोरांना विम्याशिवाय रस्त्यावर आणत असेल, तर तो एकदा तपासून बघायला काय हरकत आहे?

दुसऱ्या टोकाचंही विसरू नका. बऱ्याच ठिकाणी पंचाहत्तरीच्या आसपास पुन्हा दार बंद होतं.

मागण्या साध्या आहेत.

१. वय विचारता ना, मग पहिल्याच पानावर सगळं धरून पूर्ण किंमत दाखवा. युरोमध्ये, एका आकड्यात. दलाल संकेतस्थळांना हे बंधनकारक करा. तुमची गाडी ते विकतात, तुमच्या अटी त्यांनी पाळायलाच हव्यात.

२. वयाची चौकट रिकामी ठेवा. '२५ ते ७०' आधीच भरून ठेवू नका.

३. पैसे भरणारा आणि मुख्य चालक वेगळे असू द्या. दोघेही काउंटरवर हजर असतील, दोघेही सही करतील.

४. पंचवीसवरचा अनुभवी चालक मुख्य असेल आणि तरुण चालक फक्त अतिरिक्त असेल, तर अधिभार तरुणाने गाडी चालवण्याच्या दिवसांपुरताच घ्या. तो चालवणारच नसेल तर घेऊ नका.

५. परवान्याची वर्षं मोजा, ती पहिल्या तारखेपासून मोजा, आणि दोन-चार वर्षांच्या स्वच्छ परवान्याला काहीतरी सूट द्या.

६. अधिभाराला प्रत्येक करारामागे कमाल मर्यादा ठेवा आणि ती जाहीर करा. काहींना जमतं, तर सगळ्यांना जमेल.

७. तरुणांनाही जादा संरक्षण विका.

८. अनामत किती दिवसांत सुटेल ते पावतीवर लिहा.

१९६ युरो परत द्या, असं मी मागितलेलं नाही. करारावर सही मी केली आहे, रात्री साडेदहाला का होईना. पण २८ या आकड्यामागचा हिशेब मला लेखी हवा आहे. या पत्राची प्रत इथल्या स्पर्धा व ग्राहक संरक्षण आयोगाकडे आणि डब्लिनच्या युरोपीय ग्राहक केंद्राकडे पाठवली आहे. समान दर्जा कायद्याखाली तक्रार करायची तर प्रसंग घडल्यापासून दोन महिन्यांत तुम्हाला लेखी सूचना द्यावी लागते. ती सूचना वेगळ्या पाकिटात आहे, मुदतीच्या आत.

आपली,
एक ग्राहक, वय आता २५ पूर्ण
गॉलवे

ता. क. : बाबा दर रविवारी फोनवर विचारत होते, "ते अडकवलेले सुटले का?" तेविसाव्या दिवशी सुटले. रुपयाचा भाव मधल्या काळात हलल्याने परत आले ते गेले त्याहून बाराशे रुपयांनी कमी. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.